फाटेल म्हणून कपाटात नको!
लहानग्यांसाठी हाताने शिवलेले, कापडी बांधणीचे पुस्तक

मौदा : दोन वर्षांच्या मुलाच्या हाती पुस्तक दिले की पुढच्या पाच मिनिटांत त्या पुस्तकाची खरी परीक्षा होते. मूल ते एका पुठ्ठ्याला धरून उचलते, उरलेले पुस्तक हवेत लोंबकळते. पान उलटण्यासाठी ते पानाचा कोपरा पकडत नाही, सगळा पंजा आत घालून ओढते. एखादे चित्र आवडले तर त्यावर बसते आणि दात येत असतील तर पुस्तकाचा कोपरा आधी तोंडात जातो. यात मुलाचा दोष काही नाही, कारण या वयात वस्तूची ओळख हातांनी आणि तोंडानेच होते. दोष असतो तो पुस्तकाच्या बांधणीचा. मोठ्यांनी टेबलावर ठेवून वाचावे अशा बेताने बांधलेले पुस्तक या हाताळणीला टिकत नाही.

मग घरात, बालवाडीत, शाळेत सगळीकडे एकच तोडगा निघतो. पुस्तक उंच फळीवर किंवा कुलपाच्या कपाटात जाते. पूर्वी पोथी कापडाच्या बासनात बांधून ठेवत, आणि एखादी गोष्ट कायमची बाजूला पडली की ती ‘बासनात गेली’ असे आपण आजही म्हणतो. मुलांच्या चित्रपुस्तकांचे नेमके हेच होते. पुस्तके येतात, त्यांची नोंद होते आणि फाटतील या भीतीने ती मुलांच्या हाती जातच नाहीत. पुस्तक जपले जाते, पण ज्याच्यासाठी ते आणले त्याचे ते वय निघून जाते.

या भीतीवर एक जुना आणि साधा उपाय आहे. पुस्तक मुळातच असे बांधावे, की ते बिनधास्त मुलाच्या ताब्यात देता येईल. त्यासाठी छापखाना लागत नाही. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, कन्हान नदीकाठी वसलेल्या मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी यासाठी लागणारी बहुतेक सामग्री किराणा दुकान, शिंपी, स्टेशनरीवाला आणि औषधांचे दुकान या चार ठिकाणी मिळून जाते. जाड पुठ्ठा आणि मोठ्या आकाराचा कागद मिळाला नाही तरच सुमारे ३५ किलोमीटरवरच्या नागपूरची फेरी करावी लागते. उरते ते दोन-तीन दिवसांचे सवडीने करायचे काम. सवडीने म्हणायचे कारण एवढेच, की त्यातला बराचसा वेळ खळ वाळण्याची वाट पाहण्यात जातो.

पिन, गोंद आणि दोरा

बाजारात मिळणारी पुस्तके साधारण तीन प्रकारे बांधलेली असतात. पातळ चित्रपुस्तकांना मधोमध दोन तारांच्या पिना मारतात. ही बांधणी स्वस्त असते आणि पुस्तक सपाट उघडते, हा तिचा मोठा गुण आहे. पण सगळा भार त्या दोन पिनांवर पडतो. मधले पान ओढले गेले की पिनेच्या जागी कागद चिरतो. पावसाळ्यात पिना गंजतात, आणि सैल झालेली पिन लहान मुलाच्या हाती लागणे धोक्याचे असते.

दुसऱ्या प्रकारात पानांच्या घड्या कण्याच्या बाजूने कापून टाकतात आणि सुट्या पानांची थप्पी गरम गोंदाने वेष्टनाला चिकटवतात. बहुतेक जाड कादंबऱ्या अशाच बांधलेल्या असतात. पुस्तक उलटे दाबून पूर्ण उघडले, की गोंदाचा थर तडकतो आणि पाने एकेक करून हाती येतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे लवकर घडते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. असल्या कोरड्या उन्हात हलक्या प्रतीचा गोंद ठिसूळ झाला, तर आश्चर्य कसले?

तिसरा प्रकार म्हणजे जुजबंदी. छापील कागदांच्या घड्या घालून एकात एक सरकवल्या की त्याचा ‘जुज’ होतो. असे अनेक जुज घडीतून दोऱ्याने शिवून एकमेकांत गुंफले की पुस्तक तयार होते. यात प्रत्येक पान दुसऱ्या बाजूच्या पानाशी सलग असते आणि दोरा घडीतून जातो, त्यामुळे पान सुटायचे तर कागद फाटावा लागतो किंवा दोरा तुटावा लागतो. गोंद येथे केवळ मदतनीस असतो. मुलांच्या पुस्तकासाठी हाच प्रकार योग्य होय.

ग्रंथालयांतून फाटलेली पुस्तके पुन्हा बांधताना मात्र वेगळीच रीत दिसते. सगळ्या पानांच्या थप्पीला समासातून आरपार भोके पाडून आडवी शिलाई घालतात आणि वर जाड पुठ्ठा चढवतात. ही बांधणी दणकट असते यात शंका नाही. पण ती इतकी आवळलेली असते की पुस्तक पूर्ण उघडतच नाही. मोठा वाचक दोन हातांनी पाने धरून ठेवतो. मूल ते करू शकत नाही. ते पुस्तक जमिनीवर ठेवते, सोडते आणि पुस्तक मिटते. दोन-तीनदा असे झाले की मूल उठून जाते. पुस्तक टिकणे जितके महत्त्वाचे तितकेच ते आपसूक उघडे राहणेही महत्त्वाचे, हे बांधणाऱ्याने विसरू नये.

कालिकतचे कापड

पुस्तकाला कापड चढवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी चोपड्या लक्ष्मीपूजनाला आजही पाटावर मांडल्या जातात. इंग्लंडमध्ये प्रकाशकांनी १८२० च्या दशकात चामड्याऐवजी कापडाचे वेष्टन वापरायला सुरुवात केली. विल्यम पिकरिंग या प्रकाशकाचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. ते कापड होते कॅलिको, आणि कॅलिको हे नाव आले आपल्या कालिकत बंदरावरून. १९०३ मध्ये लंडनच्या डीन कंपनीने तर पानांसकट संपूर्ण कापडाची, धुता येणारी बालपुस्तके काढली. फाटक्या कपड्यांतून वाकळ शिवणाऱ्या आपल्याकडच्या आजीबाईंना ही युक्ती सांगावी लागली नसती.

हातांनी वस्तू करणे आणि शिकणे यांचे नाते तर या परिसराला जवळचेच. मौद्याच्या एका बाजूला कोष्टी विणकरांची वस्ती असलेले नागपूर आणि दुसऱ्या बाजूला भंडारा जिल्ह्याचा धानपट्टा आहे. नागपूरच्या पलीकडे वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत हातकागदाचे काम सुरू झाले. त्याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून हस्तव्यवसायाला केंद्रस्थानी ठेवणारी नई तालीम पुढे आली. तिकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवताना महागडी साधने बाजूला सारून गावात मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणसाहित्य उभे केले. घरी किंवा अंगणवाडीत बांधलेले पुस्तक याच वाटेवरचे आहे.

मोरचुदाचा प्रश्न

पुस्तकबांधणीत सर्वांत आधी ठरवायची गोष्ट म्हणजे चिकटवायचे कशाने. बाइंडिंगच्या धंद्यात मैद्याची खळ वापरण्याची परंपरा जुनी आहे. मैदा किंवा तांदळाचे पीठ म्हणजे किड्यांना आयती मेजवानी. कसर, झुरळे आणि वाळवी यांना ते दूर ठेवावे म्हणून खळीत मोरचूद टाकण्याची पद्धत पडली. हिशेबाच्या वह्या आणि कचेरीतली दप्तरे यांच्यासाठी ती ठीकच होती. दप्तर कोणी चाटत नाही.

लहान मुलांच्या पुस्तकात मात्र मोरचूद अजिबात नको. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. ते पोटात गेले तर उलट्या होतात आणि मात्रा जास्त झाल्यास यकृत व मूत्रपिंड यांना इजा पोचते. खळ कापडात मुरते, विशेषतः कोपऱ्यांवर, जिथे कापड दुमडलेले असते. मूल चोखते ते नेमके तिथेच. त्यामुळे बाइंडरकडून तयार खळ आणणे किंवा मुलांची पुस्तके त्याच्याकडे बांधायला देणे असेल, तर खळीत काय घातले आहे हे आधी विचारून घ्यावे. विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

घरची खळ करायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. एक वाटी मैदा किंवा बारीक दळलेले तांदळाचे पीठ थोड्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. पांढरा गढूळपणा जाऊन मिश्रण किंचित पारदर्शक आणि चकचकीत झाले की खळ शिजली. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर पापुद्रे धरून सुटते, म्हणून घाई करू नये. गार झाल्यावर ती पातळ कापडातून गाळून घ्यावी. औषध न घातलेली खळ उन्हाळ्यात एका दिवसात आंबते. लागेल तेवढीच करावी आणि उरलेली टाकून द्यावी.

कण्यासाठी मात्र खळीपेक्षा बाजारातला पांढरा कृत्रिम गोंद बरा. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आल्यापासून या कामात सरसाची जागा अशाच गोंदाने घेतली. तो वाळल्यावरही लवचीक राहतो, आणि कणा दर वेळी वाकणारा भाग असल्याने त्याला लवचीकपणाच हवा असतो. हा थर पुठ्ठ्याच्या आत दडलेला असतो, मुलाच्या तोंडापर्यंत पोचत नाही. बाहेरचे कापड आणि आतले अस्तर यांना खळ, कण्याला गोंद, अशी विभागणी ठेवली म्हणजे दोन्हींचे गुण मिळतात.

कापडाच्या रंगाचीही चाचणी घ्यायला हवी. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड जोरात घासावे. फडक्याला रंग लागला तर ते कापड, कितीही सुरेख असो, बाजूला ठेवावे. चमकी, टिकल्या, मणी, बटणे यांचा मोहही टाळलेलाच बरा. भारतात खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी आयएस ९८७३ ही मानके आहेत आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती बंधनकारक झाली. सुटणारे छोटे भाग आणि रंगांतील शिसे यांसारखे घटक यांवर त्यांत मर्यादा घातलेल्या आहेत. घरच्या पुस्तकावर कोणी शिक्का मारणार नसला तरी विचार तोच करायचा.

कागदाला दिशा असते

नवशिक्याच्या पुस्तकाचा पुठ्ठा वाकतो, पाने लाटेसारखी होतात आणि दोष खळीला दिला जातो. बहुधा चूक कागदाच्या दिशेची असते. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू मुख्यतः एकाच दिशेने पसरतात. ओल लागली की तंतू लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात, त्यामुळे कागद एका दिशेने अधिक पसरतो. ही तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. आडवी असेल तर घडी खरबरीत पडते, पान उघडे राहत नाही आणि कण्याजवळ सुरकुत्या येतात.

दिशा ओळखणे सोपे आहे. कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती घडी तंतूंना समांतर असते. शंका वाटल्यास छोटा तुकडा पाण्यावर तरंगत सोडावा. तो जी नळी करतो, त्या नळीची लांबी म्हणजे तंतूंची दिशा. पुठ्ठ्याला आणि कापडालाही हाच नियम लागू आहे. कापडाचा उभा धागा, म्हणजे ताणा, कण्याच्या दिशेने ठेवावा.

येथे एक अडचण येते. दुकानात मिळणाऱ्या ए-४ कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. तो मधोमध दुमडून छोटे पुस्तक केले, की दिशा नेमकी उलटी पडते. म्हणून ५६ बाय ७६ सेंटीमीटरचा जाड चित्रकला कागद घेऊन त्यातून तुकडे कापावेत. लहान मुलांसाठी १८ सेंटीमीटरचे चौकोनी पान सोयीचे. त्यासाठी ३६ बाय १८ चे तुकडे लागतात. तंतू कागदाच्या आखूड बाजूला समांतर असतील तर एका कागदातून सहा तुकडे निघतात, लांब बाजूला असतील तर चारच. कागद वाया गेल्याची हळहळ वाटते, पण दिशा सोडू नये.

सहा भोके, एक दोरा

बत्तीस पानी पुस्तकाला असे आठ तुकडे हवेत. ‘पानी’ म्हणजे येथे छापील बाजू मोजायच्या. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून घडी पट्टीने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून घ्यावी आणि दोन-दोन तुकडे एकात एक घालून चार जुज करावेत. शिवाय पुढे व मागे अस्तरासाठी एकेक दुमडलेला कागद घ्यावा. अस्तर नुसते चिकटवण्याची पद्धत आहे. पण मुलांच्या पुस्तकात पुठ्ठा आणि पाने यांच्यामधला सांधाच आधी तुटतो. म्हणून अस्तराचा कागदही जुजासारखा शिवून घेणे शहाणपणाचे.

घडीवर भोके पाडायची ती आरीने किंवा जाड सुईने, आतून बाहेर. वरच्या आणि खालच्या काठापासून दीड सेंटीमीटरवर एकेक आणि मध्ये दोन फिती बसतील अशा बेताने प्रत्येक फितीच्या दोन्ही अंगांना एकेक, अशी सहा भोके होतात. सगळ्या जुजांची भोके एका रेषेत यावीत म्हणून पुठ्ठ्याच्या पट्टीवर खुणा करून तीच पट्टी प्रत्येक घडीत ठेवावी. फित म्हणजे शिंप्याकडे मिळणारी सुती, सुमारे सव्वा सेंटीमीटर रुंदीची पट्टी. ती कण्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर बाहेर राहील एवढी लांब ठेवावी.

दोरा वाकळीला वापरतात तसा जाड सुती घ्यावा आणि मेणावरून दोन-तीनदा ओढावा. मेणामुळे तो गुंतत नाही आणि भोकात घट्ट बसतो. नायलॉनचा दोरा मजबूत वाटतो, पण तो कागद कापतो आणि त्याची गाठ सरकते. सुई पहिल्या जुजाच्या टोकाच्या भोकातून आत जाते, घडीतून पुढे येऊन फितीजवळ बाहेर पडते, फितीला वळसा घालून पुन्हा आत शिरते आणि असे करत दुसऱ्या टोकाला बाहेर येते. मग दुसरा जुज वर ठेवून उलट दिशेने परत यायचे. तिसऱ्या जुजापासून टोकाशी पोचल्यावर सुई खालच्या दोन जुजांना जोडणाऱ्या टाक्याखालून घालून फासाची गाठ आवळतात. प्रत्येक जुज खालच्याशी बांधला जातो तो या गाठीमुळे. दोरा ओढायचा तो घडीच्या दिशेने. घडीशी काटकोन करून ओढला तर कागद चिरतो. बहुतेकांचे पहिले पुस्तक याच ठिकाणी बिघडते.

शिलाई झाली की पाने दोन पाटांमध्ये दाबून कण्यावर गोंदाचा पातळ थर द्यावा आणि त्यावर जाळीदार कापड बसवावे. बाइंडर यासाठी खास जाळी वापरतात. औषधांच्या दुकानातील जखमेवर बांधायची गॉझपट्टी तेच काम करते. ती कण्यापेक्षा दोन्ही बाजूंना तीन सेंटीमीटर रुंद हवी, कारण पुढे फिती, जाळी आणि अस्तर ही तिन्ही मिळून पुठ्ठ्याला धरून ठेवतात. मूल पुस्तक एका पुठ्ठ्याने उचलते तेव्हा सगळे वजन या तीन थरांवर येते.

मांजरपाट चढवताना

वेष्टनासाठी घट्ट विणीचे सुती कापड हवे. मांजरपाट, खादी, हातमागाची जाड चादर, जुन्या सुती लुगड्याचा शाबूत भाग यांतले काहीही चालते. कृत्रिम धाग्याच्या साडीवर खळ धरत नाही. नवे कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे पुढे आकसत नाही.

कापडाला थेट खळ लावली तर ती विणीतून वर येते आणि डाग पडतात. म्हणून कापडाला आधी कागदी पाठ द्यावी. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर कापड उलटे पसरून ओले करावे आणि सुरकुत्या हाताने काढाव्यात. पातळ पांढऱ्या कागदाला खळ लावून तो त्यावर बसवावा, कडेपर्यंत दाबावा आणि तसेच वाळू द्यावे. वाळल्यावर कापड ताठ होते आणि कागदासारखे सरळ कापता येते. येथे वर्तमानपत्र वापरण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. त्याची शाई ओलीने कापडात उतरते. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असा सल्ला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला होता तो याच शाईमुळे, आणि मुलाच्या तोंडात जाणारे पुस्तक त्या बाबतीत खाद्यपदार्थापेक्षा फार दूर नाही.

पुठ्ठा दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा हवा. १८ सेंटीमीटरच्या पानाला पुठ्ठ्याची उंची १८.६ ठेवावी, म्हणजे वर-खाली तीन-तीन मिलिमीटर बाहेर राहून पानांच्या कडा सांभाळल्या जातात. रुंदी १७.८ पुरते. दोन पुठ्ठ्यांमध्ये कण्याच्या जाडीएवढी पुठ्ठ्याची अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना सात-सात मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. ही मोकळी जागा म्हणजे पुस्तकाची बिजागरी. ती कमी पडली तर पुस्तक उघडताना पुठ्ठा अस्तराला ओढून फाडतो, जास्त झाली तर पुस्तक खिळखिळे होते. पुठ्ठ्याचे बाहेरचे कोपरे कात्रीने आणि पॉलिश कागदाने गोल करून घ्यावेत. टोकदार कोपरा डोळ्याला लागतो आणि आपटला की तोच आधी फुटतो.

चारही बाजूंनी दोन सेंटीमीटर दुमड धरली तर साधारण ४२ बाय २३ सेंटीमीटर कापड लागते. ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात उभा धागा सांभाळून आठ पुस्तकांची वेष्टने निघतात. एका अंगणवाडीला सुरुवातीला तेवढी पुष्कळ झाली. कापडाच्या कागदी बाजूला खळ लावून पुठ्ठे आणि पट्टी मांडावी, वरची व खालची दुमड आधी आणि बाजूच्या नंतर वळवाव्यात. गोल कोपऱ्यावरचे कापड करंजीला मुरड घालतो तसे बारीक चुण्या घेत बसवावे.

हे वेष्टन वाळल्यावर पाने त्यात ठेवून आधी फिती आणि जाळी चिकटवायची, मग अस्तराला खळ लावून पुठ्ठा मिटायचा. अस्तर आणि पाने यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद सरकवला की ओल आत जात नाही. त्यावर पाट आणि पाटावर पाटा-वरवंट्याचा पाटा. बाइंडरचा शिकंजा नसला तरी अडत नाही. उन्हाळ्यात एक रात्र, पावसाळ्यात दोन दिवस वजन हलवू नये. मे महिन्यात लवकर वाळावे म्हणून पुस्तक उन्हात ठेवणाऱ्याच्या हाती नावेसारखा वाकलेला पुठ्ठा येतो.

तीन वर्षांखालच्यांसाठी

जाड कागदाचे शिवलेले पान तीन-चार वर्षांच्या मुलाला पेलते. त्याहून लहान मुलासाठी पानच पुठ्ठ्यासारखे करावे लागते. त्यासाठी शिलाई नको. कार्डकागदाचे आयत मधोमध दुमडून चित्र घडीच्या आतल्या बाजूला काढावे आणि एका घडीची पाठ दुसरीच्या पाठीला खळीने पूर्ण चिकटवावी. सात-आठ घड्या झाल्या की जाड पानांचे, सपाट उघडणारे पुस्तक तयार होते. कण्यावर कापडाची पट्टी आणि वर तेच कापडी वेष्टन. ही पाने ओल धरतात, हा त्यांचा दोष. चोखून ओला झालेला कोपरा पंख्याखाली वाळवला नाही तर पावसाळ्यात बुरशी येते, आणि बुरशी आलेले पुस्तक मुलाला परत देऊ नये.

आत काय असावे?

बांधणी कितीही चांगली असली तरी कोरे पुस्तक मुलाला नको असते. प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकारांची नावे कायम ठेवून त्या छापून घेता येतात. मात्र जुजबंदीसाठी पानांचा क्रम जुळवून छापावा लागतो. चार कागदांचा कच्चा नमुना दुमडून, त्यावर आकडे टाकून मगच छपाई करावी.

त्याहून सोपे आणि अधिक मोलाचे म्हणजे घरचे पुस्तक. मौद्याच्या मुलाच्या कानावर रोज पडणारे शब्द पुण्या-मुंबईत तयार झालेल्या चित्रपुस्तकांत क्वचित भेटतात. त्याच्या घरी बैलगाडीला बंडी म्हणतात, टोमॅटोला भेदरं म्हणतात, पावसाळ्यात धानाची रोवणी होते. एका पानावर एक चित्र आणि त्याखाली ठळक अक्षरांत असा एक शब्द, एवढ्यावर बत्तीस पाने सहज भरतात. अंगणवाडीत हे काम आयांना सोबत घेऊन करता येईल. शिवणकामाचा हात त्यांच्याकडे आहेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात मुलांच्या घरच्या भाषेवर भर दिला. त्या भाषेतले पुस्तक छापून येण्याची वाट पाहण्यापेक्षा ते शिवून घेणे लवकर होते.

फाटल्यावर

इतके करूनही एखादे पान फाटणारच. अशा वेळी चिकटपट्टीला हात लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा गोंद कागदात उतरतो आणि पट्टी सुटून आली तर मूल ती गिळू शकते. त्याऐवजी संक्रांतीला मिळणारा पांढरा पतंगी कागद घ्यावा. रंगीत नको, त्याचा रंग उतरतो. त्याची बोटभर रुंदीची पट्टी हाताने फाडावी, कापू नये, कारण फाडलेल्या कडेचे मोकळे तंतू कागदात मिसळून जातात. पातळ खळीने ती फाटीवर बसवून वर प्लॅस्टिक आणि वजन ठेवावे. कापडी कोपरा झिजला तर त्याच कापडाचा तुकडा वरून चढवता येतो, म्हणून वेष्टने कापताना उरलेल्या चिंध्या फेकू नयेत. दोरा सैल झाला असेल तर मात्र वरवरची मलमपट्टी करू नये. अस्तर ओले करून वेष्टन सोडवावे, जुज पुन्हा शिवावेत आणि तेच वेष्टन परत चढवावे. अस्तर खळीने बसवलेले असल्यामुळे ते पाण्याने सुटते, जाळी आणि कण्याचा गोंद तेवढा नवा घालावा लागतो.